दिवाळीपासून दुखतंय

नामदेवची बातमी मला कारखान्याच्या गेटवर कळली. पहिली पाळी नुकतीच सुटली होती आणि चाकणहून एसटीनं आलेला त्याचा चुलतभाऊ टोपी हातात धरून उभा होता. निरोप घ्यायला म्हणून नामदेव घरी गेला होता. तिथंच पोटात कळ उठली, पहाटे कांद्याच्या ट्रकमध्ये घालून पुण्याला नेला, पोटातला अल्सर फुटलाय असं डॉक्टर म्हणाले आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. पुढच्या पंधरवड्यात तो बोटीनं जर्मनीला निघायचा होता. आता दोन महिने होत आले, तरी त्याची आठवण झाली की मला रडू यायच्या आधी राग येतो. तो का येतो, तेच लिहायला बसलोय.

आम्ही दोघं टर्नर, चिंचवडला एका खोलीत राहायचो. मी साताऱ्याकडचा, तो चाकणचा. कारखान्यातली नवी यंत्रं जर्मनीची आणि ती बसवायला आलेले साहेबही तिकडचेच. तिथं वर्षभर काम शिकायला काही पोरं पाठवायची ठरली आणि यादीत नामदेवचं नाव लागलं. बातमी चाकणला पोचली मात्र, तिथून पुढं तो नामदेवचा राहिला नाही, गावाचा झाला. त्याची आई कांद्याच्या बाजारात कांदे निवडायला जायची. तिनं बाजारभर पेढे वाटले. गावानं देवळापुढं मांडव घालून सत्कार केला, शाल, श्रीफळ, हार, आणि ज्यांना जर्मनी कुठं आहे हे ठाऊक नाही त्यांची भाषणं. अजून पासपोर्टचा पत्ता नव्हता. परतताना एसटीत तो गप्प गप्प होता. भाषणांनीच पोट भरलं काय, म्हणून मी त्याला चिडवलं.

"गावानं हार घातलाय, राव," तो म्हणाला. "आता मागं फिरायची सोय न्हाई."

मला वाटलं, नवरदेवासारखा लाजतोय.

भाषेचा वर्ग पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये भरायचा. हौशी लोकांनीही बसायला हरकत नव्हती, म्हणून मीही बसायचो. शिकवायला एका साहेबाची बायको होती, तिला आम्ही फ्राऊबाई म्हणायचो. मराठी म्हणाल तर तिला 'नको', 'किती' आणि 'खरं?' एवढंच यायचं, भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं. थंडीत कधीतरी दुखण्यांचा धडा आला. भिंतीवर माणसाच्या शरीराचं चित्र टांगलेलं. बाईंनी एकेकाला उठवून 'वास फेल्ट इनन?' म्हणजे तुम्हाला काय होतंय, असं विचारायचं, आणि आपण चित्रावर बोट ठेवून काहीतरी दुखतंय म्हणून सांगायचं. सगळी पोरं धडधाकट, दुखणी एकजात खोटी. कुणाचा कान, कुणाची दाढ. नामदेव उठला, तो चित्राकडे गेलाच नाही. स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवून म्हणाला, "मिअर टुट डेर बाउख वे." माझं पोट दुखतंय. कधीपासून, असं बाईंनी विचारलं. "झाइट दिवाळी." जर्मन वाक्यात दिवाळी आलेली ऐकून कँटीनभर हशा पिकला. तोही हसला. मग आपणहून सांगत गेला की उपाशी असलं की जास्त दुखतं, रात्री जाग येते, खाल्लं की जरा बरं वाटतं... अडखळत, शब्द शोधत, पण सगळं सांगितलं. बाई खूश. बाकीच्यांना म्हणाल्या, असं बोलायचं, नुसतं पुस्तकातलं नको. पुढं कितीतरी दिवस तो तेच दुखणं सांगत राहिला, दर वेळी थोडं वाढवून, आणि आम्ही म्हणायचो, लेकाचा नाटकात जायला हवा होता.

त्याच सुमाराला जाणाऱ्यांची तपासणी झाली. काही त्रास आहे का, असं डॉक्टरांनी मराठीत विचारलं आणि काही नाही, असं त्यानं मराठीत सांगितलं. त्रास आहे म्हणाला असता तर यादीतून नाव कटलं असतं, आणि पेढे वाटून बसलेल्या आईला बाजारात तोंड दाखवायला जागा उरली नसती. खोलीवर त्याच्या उशाशी खायच्या सोड्याची पुडी असायची. मी विचारलं की गॅस म्हणायचा. मराठीत बोललेलं खरं धरलं जातं आणि ते थेट चाकणला पोचतं. वर्गात काहीही बोला, तो अभ्यासच. चहूबाजूंनी कोंडलेल्या माणसानं एवढी एक फट शोधून काढली होती आणि तिथून तो आम्हाला हाका मारत होता. अरे, एवढा हुशार होतास, तर एकदा मला मराठीत सांगायला काय धाड भरली होती तुला?

तेराव्यानंतर त्याची आई ट्रंक न्यायला खोलीवर आली. सोड्याची पुडी तिनं हुंगून बघितली आणि पदराच्या टोकाला बांधली. जाता जाता दारात थांबली.

"एका ताटात जेवनारी मानसं तुमी," ती म्हणाली. "तुला कदी म्हनला व्हता का रं त्यो, दुखतंय म्हनून?"

मी नाही म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

"मलाबी न्हाई म्हनला," ती म्हणाली, आणि तेवढ्यानं तिला थोडं हलकं वाटल्यासारखं दिसलं.

फ्राऊबाईंना मात्र मी सांगितलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, की त्याचं पोट खरंच दुखत होतं, खरंच दिवाळीपासून. त्या दिवशी वर्ग झाला नाही. आता नवी तुकडी आलीय. नामदेवच्या जागी दुसरा कुणीतरी बोटीवर चढलासुद्धा. परवा पुन्हा दुखण्यांचा धडा होता. चित्र त्याच खिळ्याला आहे. एका पोरानं उठून डोकं धरलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, तशी पोरं हसली. बाईंनी खडू खाली ठेवला, त्याच्यापाशी गेल्या आणि विचारलं, "खरं?" पोरगा गोंधळला. नाही बाई, म्हणाला, डोकं चांगलं आहे. पुढच्याची दाढ दुखत होती. "खरं?" असं एकेकाला विचारत त्या शेवटच्या बाकापर्यंत आल्या. ती नामदेवची जागा. हल्ली मी तिथं बसतो. काय होतंय, असं त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं. त्या धड्यातली सगळी वाक्यं मला तोंडपाठ आहेत... पण मी मराठीतच म्हणालो, "दुखतंय, बाई."

मला त्यांनी 'खरं?' म्हणून विचारलं नाही.