रॅपमधली एकच ओळ का घुमते?

मंडळी, माझ्या मुलीने, रश्मीने, आवाज घुमू नये म्हणून घरी कपाटात तोंड घालून रेकॉर्ड केलेलं रॅप आज मिक्स होऊन आलं. मिक्सिंग मीरा रोडच्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलाने केलं.

सगळे शब्द स्वच्छ होते. फक्त 'टँकर आधी सेक्रेटरीच्याच विंगला का?' ही ओळ विहिरीतून आल्यासारखी घुमत होती.

"काका, हा रिव्हर्ब, म्हणजे घुमवलेला आवाज. त्याने फील येतो," तो म्हणाला.

"मग बाकी गाण्याला फील नको?" रश्मी तडकली.

रिव्हर्ब काढायला लावला, तर त्याने इक्यूमध्ये, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करताना, त्याच ओळीचा मधला पट्टा इतका कापला की शब्द आणखी पुसट झाले.

शनिवारी सोसायटीच्या कार्यक्रमात गाणं वाजणार आहे. "ती ओळ मी स्वतः माइकवर म्हणेन," असं रश्मी म्हणतेय. पण माइकही सेक्रेटरींच्याच घरी असतो. मी उगाच संशय घेतोय का?