निळ्या कागदाखालचं रुजवण

त्या वर्षी शाळेत मी रोपांना रंगीत उजेड देत होते आणि घरी सासूबाई मला काढे देत होत्या. दोन्हींचा सारखाच कंटाळा आला होता.

मी भाईंदरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. खोक्यांना लाल आणि निळे जिलेटीनचे कागद लावून आत गहू पेरले होते. लाल खोक्यातली रोपं उंच, काटकुळी झाली. निळ्यातली बुटकी, पण जाडजूड आणि हिरवीगार. मुलं उंच रोपांवर खूश. बुटकी त्यांच्या लेखी नापास. मुलांना काय बोलणार, घरीही तेच चालायचं.

नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात. ते रुजवण जितकं उंच, तितकं वर्ष भरभराटीचं, असं मूळच्या रत्नागिरीकडच्या आमच्या घराण्यात मानत. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं, म्हणून आमचं रुजवण बघायला बायकांना भारी उत्साह. त्या वर्षी ते जेमतेम बोटभर आलं. लढाईच्या दिवसांत शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडकीला निळा कागद चिकटवला होता; लढाई थांबली तरी तो खरवडायचं त्राण कुणात नव्हतं. घट त्याच खिडकीखाली बसवलेला. मी सासूबाईंना शाळेतला प्रयोग समजावून सांगितला. त्या नुसतं "हं" म्हणाल्या आणि काढ्याचा पेला पुढे केला. पुन्हा सांगायचा मला वीट आला.

दसऱ्याला बायका जमल्या. मी सकाळपासून उभीच होते. आमची घरमालकीण, जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातली, घटावर वाकली आणि म्हणाली, "रुजवण वर आलंच न्हाय. देवी रुसली हाय. सुनेची कूस उजवायची कशी?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"देवी कशाला रुसेल?" सासूबाई म्हणाल्या. "निळ्या उजेडात रोप बुटकंच राहतं. हात लावून बघा, कसं दणकट आहे! त्यात सुनेचा काय दोष? काढे पिऊन पिऊन दमली पोर. आता मी देणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका."

मला रडू येईल असं वाटलं, पण तेवढंही अंगात उरलं नव्हतं. मी भिंतीला टेकून सगळ्यांसमोर खाली बसले. सासूबाईंनी चहाची किटली स्वतः उचलली.