दोन नावांची बाई आणि तारीखकाका

तारीखकाकांना चेहरे लक्षात राहायचे नाहीत, पण पासपोर्टवरची तारीख एकदा बघितली की बघितली! दुबईतल्या एका परदेशी सरकारच्या कचेरीत मी नवीन लागले, तेव्हा ते माझे सीनियर. त्या सरकारचे अधिकारी इथे नेमणुकीवर असायचे, आणि त्यांच्या नवरा-बायकांचे नागरिकत्वाचे अर्ज आमच्याकडे यायचे. अधिकाऱ्यासोबत इथे काढलेले दिवस त्यांच्या देशात राहिल्यासारखेच धरायचे, असा नियम. दिवस मोजायचे काकांनी, निर्णय त्या देशाहून आलेल्या साहेबांचा.

"खलास म्हणायची घाई नको. आधी सगळी पानं उलट," हे दिवसातून दहादा. मी इथल्याच अल नहदा भागात वाढलेली, वैतागून "ओके काका" म्हणायचे.

एकदा गार्गीचा अर्ज आला. तिचा नवरा मराठी घरातला, पण नोकरी त्या सरकारची. नियमाला तीन वर्षं सोबत राहिलेलं हवं होतं, आणि पहिल्या दोन वर्षांच्या व्हिसावर नाव होतं रोहिणी! "ही दुसरीच बाई. रिजेक्ट," साहेब म्हणाले. नवऱ्याची बदली झालेली, आणि तिथे कुटुंबातल्या फक्त नागरिकांनाच नेता येणार होतं. म्हणजे अर्ज फेटाळला की तो तिकडे आणि ही इकडे.

काकांनी दोन्ही कागदांवरची जन्मतारीख बघितली आणि ताडकन उठले. "अगं, एकच आहे ही! लग्नात नाव बदललंय, पासपोर्टवर मात्र दोन वर्षांनी आलंय. आणि आपल्या लोकांना वाटतं, यात सांगायचं काय?"

मी गार्गीला फोन लावला. काकांनी पॅन्ट्रीतून बशीभर साखर आणून साहेबांपुढे पसरली आणि बोटाने नाव लिहिलं. "सर, आमच्याकडे नवरा असं लिहितो. तांदळात, अंगठीने." तासाभरात गार्गी धापा टाकत नाव बदलल्याचं राजपत्र घेऊन हजर! साहेबांनी मंजुरीची सही केली आणि मी भर ऑफिसात "यल्ला, चला!" ओरडले. गार्गी रडतच सुटली.

साहेबांनी सहज विचारलं, "पण नवं नाव आवडलं का, हे बायकोला विचारतात?" काका साखरेची बशी उचलून पॅन्ट्रीत गेले.

संध्याकाळी लिफ्टमध्ये मला म्हणाले, "आमची ही माहेरची इंदू. सुमन मी केलं. छत्तीस वर्षांत विचारलंच नाही गं."

पुढच्याच महिन्यात काका रिटायर होऊन पुण्याला गेले. कचेरी अगदी सुनी झाली. परवा न राहवून फोन केला आणि म्हटलं, जरा काकूंना द्या.

"इंदू, तुझा फोन!" काकांनी हाक मारली.

आणि आतून लगेच खणखणीत ओ आली.