मी जिन्यात बसलो त्या दिवशी

वारूळवाडीच्या रस्त्याला पिचलेल्या टोमॅटोचा आंबूस वास आला, की मला टोमॅटोच्या बाजारासमोरचं ते माडीवरचं कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. माझी पोरगी घरी राहून कॉलेज करायची, आणि दर रविवारी तिथल्या पडद्यावर बाई लांबून शिकवायच्या. पोरीला एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही शेजारी खुर्ची ओढून बसायचो. बाईंची रीत अशी, की एकेकाला नावानं हाक मारून विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत पुढं जायचं नाही. त्या दिवशी त्यांनी पोरीला विचारलं, "मालाचा भाव का पडतो?" पोरगी वही चाळायला लागली. शाळा मी तिसरीत सोडली असली तरी बाजार मला कोण शिकवणार? "मला इचारा की बाई! चार गाड्यांच्या जागी चाळीस लागल्या की पडतो." बाई हसल्या. "बरोबर, काका. पण परीक्षा तुमची की तिची? तिला बोलू द्या, मी थांबते." आणि त्या खरंच थांबल्या. पोरगी मान खाली घालून हळूच म्हणाली, "आण्णा, तुमी जरा बाहेर बसता?" लई लागलं मला. तरी उठलो आणि जिन्यात जाऊन बसलो. आतून तिचा आवाज आला, खणखणीत, कुठं न अडखळता, आणि ती बोलतच राहिली. घरात ती एवढं कधी बोलली नव्हती. घरात बोलायचो मी. आता ती पुण्याला असते. फोन आला की मी विचारतो, "कशी हायेस?" आणि त्या बाईंसारखा गप्प राहून वाट बघतो. "बरी आहे, आण्णा," म्हणते, आणि पुढं काही बोलत नाही.