काचेत पाणी दिसत नसेल तर

धाकलूदादा आमच्या शेजारी राहतो. वय एक्कावन्न. खालापूरजवळच्या एका कागद कारखान्यात तो बावीस वर्षं बॉयलर चालवतो. मी मराठीत एम.ए. केलं आहे आणि गावात शिकवण्या घेते. तो माझ्या वडिलांच्या वयाचा, पण सगळं गाव त्याला दादा म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

बॉयलरला एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाळी बदलताना दादा स्क्रीनवरचा आकडा धरत नाही. सुटणाऱ्या माणसाला तो थांबवून घेतो. दोघं मिळून नळीतलं पाणी सोडतात आणि ते परत चढताना बघतात. मगच तो माणूस घरी जातो. कंपनीची बस निघून गेली तरी. यावरून दादाला बऱ्याच शिव्या पडल्या आहेत.

मार्चमध्ये कारखान्यात नोटीस लागली. बॉयलरवरच्या प्रत्येकाकडे एका खासगी संस्थेचं प्रमाणपत्र पाहिजे. परीक्षा संगणकावर. पन्नास प्रश्न, तीस बरोबर आले की पास. भाषा फक्त इंग्रजी. नापास झालेला एक जूनपासून गोदामात, गठ्ठे उचलायला.

दादा आठवी शिकलेला. संस्थेनं दिलेली तीनशे प्रश्नांची फाईल घेऊन तो माझ्याकडे आला. तू येवढी शिकलीस, म्हणाला, तुला काय अवघड.

मी सगळे प्रश्न मराठीत उतरवले. दोन वह्या भरल्या. काय लिहितेय ते निम्म्या ठिकाणी मलाच कळत नव्हतं. दादाला कळत होतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत तो उत्तर द्यायचा. फाईलीतल्या एका छापील उत्तरावर अडला. "हे कोणी लिवलंय गं? त्याला एक पाळी माझ्याबरोबर पाठव."

पण इंग्रजी पान समोर ठेवलं की तो गप्प. तीनशेतला एकही प्रश्न सुटत नव्हता.

तीन आठवडे उरले, तेव्हा युक्ती मी काढली. प्रश्नाचे पहिले तीन शब्द ओळखायचे, चित्र ओळखतात तसे. बरोबर उत्तराचे पहिले दोन शब्दही तसेच. अर्थाकडे बघायचंच नाही. मी चिठ्ठ्या बनवल्या. तो त्या जेवणाच्या सुट्टीत घोकायचा. त्याची बायको सोनाबाई सांगायची, झोपेतही बोटानं हवेत काहीतरी गिरवतोय.

परीक्षा कर्जतला झाली. दादाला तेहेतीस मिळाले.

सोनाबाईनं आळीत पेढे वाटले. संध्याकाळी दादा निकालाचा कागद घेऊन आला. चुकलेले सतरा प्रश्न त्यावर छापले होते, त्यानं दिलेल्या उत्तरांसकट.

"चुकलेलं वाच," तो म्हणाला. "मराठीत."

मी म्हटलं, आता कशाला. पण तो बसूनच राहिला. मी वाचत गेले. सहा-सात उत्तरांवर तो हसला. अकरावा प्रश्न होता, काचेत पाणी दिसत नसेल तर आधी काय कराल. दादाचं उत्तर होतं, ताबडतोब पंप चालू करून पाणी भरीन.

तो हसला नाही. मी कागद परत वाचला. तेच होतं.

"हे मी दिलंय?"

मी फाईल काढली. पाण्याच्या पातळीवर दोन प्रश्न होते. पाणी कमी आहे पण दिसतंय, असा एक, त्याचं उत्तर पंप. दिसतच नाही, असा दुसरा. दोन्हींचे पहिले तीन शब्द सारखे. मी त्याला तेवढेच शिकवले होते.

मग त्यानं मला समजावून सांगितलं, सावकाश. काचेत पाणी नाही म्हणजे आतल्या लोखंडी नळ्या तापून लाल झालेल्या असू शकतात. त्यांच्यावर पाणी गेलं की बॉयलर फुटतो. आधी आग बंद करायची. बावीस वर्षांत एकदा असं झालं होतं, आणि त्यानं आगच बंद केली होती. तेव्हा पाळीवर सहा माणसं होती.

"कागदावर सहाच्या सहा मारली," तो म्हणाला. "आन पास."

दादानंच अर्ज लिहायला सांगितला. माझी परीक्षा परत घ्या, मराठीत घ्या, बॉयलरजवळ उभा करून तोंडी घ्या. सगळ्यांची तशीच घ्या. मी म्हटलं, तुझा निकाल रद्द झाला तर? गोदाम आहे पुढे. सोनाबाई दारात उभी होती. "पेढे खाल्ले लोकांनी," ती म्हणाली. "आता ते परत मागू काय?"

दादानं सही केली.

कारखान्याच्या साहेबानं अर्ज वाचला. दादाशी तो नीट बोलला, हे दादानं दोनदा सांगितलं. परीक्षेची भाषा संस्था ठरवते, कारखान्याच्या हातात नाही. तुम्ही पास आहात, धाकलू, आम्हाला तेवढं पुरे. अर्ज त्यानं परत दिला.

इंग्रजी नको, असं माझं म्हणणं नाही. ज्याला येतं त्यानं इंग्रजीत परीक्षा द्यावी. पण शेजारी मराठी ठेवली असती तर दादा पन्नासच्या पन्नास बरोबर देऊन आला असता. मी हे कितीदा, कुणाकुणाला सांगितलं. आता सांगायचाही कंटाळा येतो.

दादा बॉयलरवरच आहे. गेल्या आठवड्यात त्यानं नवनाथला माझ्याकडे पाठवलं. नवनाथ दुसऱ्या पाळीला असतो, बॉयलरवर येऊन वर्षही झालेलं नाही, आणि इंग्रजी त्यालाही येत नाही. मी दादाच्या घरी गेले आणि सांगून टाकलं, ती युक्ती मी पुन्हा कुणाला शिकवणार नाही.

दादा जेवत होता.

"दोन पोरं हायेत त्याला," तो म्हणाला. "तू त्याला पास कर गं. बॉयलर मी शिकवतो."

नवनाथची परीक्षा अठरा तारखेला आहे. मी त्याला तीनऐवजी सहा शब्द घोकायला लावते. काल नव्वद चिठ्ठ्या झाल्या.