वारो

त्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांच्याकडे एकच शब्द उरला: नाय. चहा हवा असला तरी नाय आणि नको असला तरी नाय. आम्ही आवाजाच्या चढउतारावरून ओळखायला शिकलो. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला असे. बोलणं शिकवणाऱ्या बाई कुडाळहून यायच्या, चित्रांची कार्डं दाखवायच्या. आंबा, छत्री, मासा. हयातभर देवगड ते वैभववाडी स्टेशन अशी टॅक्सी चालवलेला माणूस त्या कार्डांकडे बघून तोंड फिरवून घ्यायचा.

त्यांची शेवटची टॅक्सी घराशेजारच्या मांगरात, म्हणजे छपरात, ताडपत्रीखाली उभी होती. जुन्या घडणीची, कार्बुरेटरवाली. धंदा बंद केल्यावरही ते रोज सकाळी ती चालू करून थोडा वेळ तशीच ठेवायचे. माझा नवरा गोव्यात नोकरीला, शनिवारी घरी यायचा. गाडी भंगारात घालू या, असं तो दोनदा म्हणाला, तेही बाबांना ऐकू जाणार नाही असं. मला ते पटलं नाही. पाऊस सरून घरापुढचं खळं सुकून घट्ट झाल्यावर एका सकाळी मी बॅटरी चार्ज करून आणली, गाडी ढकलवून खळ्यात घेतली आणि चालू केली.

ती चालू झाली, पण पिसाळल्यासारखी. मी एक्सिलरेटरला पायही लावला नव्हता, तरी इंजिन एवढं मोठ्याने ओरडत होतं की शेजारची बाई कुंपणापाशी आली. पडवीतून बाबांचं नाय, नाय सुरू झालं. मला वाटलं, बंद कर म्हणतायत. मी बंद केली, तर ते आणखी चिडले. शेवटी त्यांना हाताला धरून खळ्यात आणलं आणि बॉनेटसमोर खुर्ची ठेवली.

मला गाडी चालवता यायची, एवढंच. मोबाइलवर एक-दोन व्हिडिओ बघितले. बाबांनी डाव्या हाताने चोक ओढल्याची खूण केली. चोकची पट्टी अडकली असेल असं त्यांना वाटत होतं. वरचा एअर फिल्टर काढून बघितलं, पट्टी पूर्ण उघडी होती. मग मला एक्सिलरेटरच्या वायरचा संशय आला. ती सोडून बघितली, स्प्रिंगही नीट ओढत होती. आवाज तेवढाच. त्यांनी दोन बोटं फिरवून दाखवली, म्हणजे आयडलचा, गाडी उभी असताना इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू. तो मी सोडवत गेले, इतका की त्याचं टोक लिव्हरला टेकेनासं झालं. तरी इंजिन धावतच होतं. दोघांचेही अंदाज संपले. मी घाम पुसत टायरपाशी बसले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं त्यांना विचारलं, पेट्रोल-हवा आत सोडणारी झडप पूर्ण मिटलीय, मग हिला एवढं बळ येतंय कुठून?

त्यांनी मान तिरकी करून इंजिनाकडे कान लावला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"वा..." ते म्हणाले. मग, "वारो."

मी उठून उभी राहिले. "वारो? खंयसून, बाबा?"

"वारो खाता."

डाव्या हाताचं बोट कार्बुरेटरच्या खाली, तो इंजिनावर जिथे बसतो त्या सांध्याकडे गेलं. मला रडू येत होतं, पण ते वाट बघत होते. मी धावत जाऊन इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली आणली आणि चालू इंजिनात त्या सांध्यावर फवारा मारला. आवाज एकदम दबला, इंजिन अडखळलं आणि पाणी आत ओढलं गेल्यावर पुन्हा चढलं. परत मारलं, परत तसंच. तिथूनच चोरवाटेने हवा आत जात होती. बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

शनिवारी नवऱ्याने येताना, हवा अडवायला सांध्यात बसवतात त्या गॅस्केटचा जाड कागद आणला. कार्बुरेटर उतरवला तर जुनं गॅस्केट वाळक्या पानासारखं हातात तुटलं. त्याचे तुकडे जुळवून मी नव्या कागदावर आकार काढला आणि कातरीने कापला. नट आवळताना मी एक बाजू घट्ट करून मोकळी झाले, तेव्हा बाबा "नाय" म्हणाले आणि बोटाने दाखवलं: थोडं इकडे, थोडं तिकडे. नवरा बाजूला उभा होता. भंगाराचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही.

गाडी चालू केली आणि ती लगेच बंद पडली. आमची तोंडं उतरली, पण बाबा चक्क हसत होते. आयडलचा स्क्रू मीच पार सोडवून ठेवला होता. तो थोडा थोडा आत घेतला, तशी ती एका लयीत चालू राहिली. इतक्या हलक्या आवाजात की फणसावरचे पक्षी ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन बंदरावर गेले. मी चालवत होते, ते डावीकडे. वळणावर "हळू" म्हणाले, आणि पुलापाशी पुन्हा "हळू". होड्या लागल्या होत्या. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक, मासे पाठवणारे म्हातारे व्यापारी, जाळ्यांमधून वाट काढत आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "कसो आसस रे?"

बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. "बरी आसा," ते म्हणाले.

व्यापारी माझ्याकडे बघायला लागले. उत्तर गाडीचं होतं, पण मी काही सुधारलं नाही. पुढच्या आठवड्यात कुडाळच्या बाई आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, आज धडा खळ्यात घेऊ या. त्यांनी कार्डं पिशवीतच ठेवली आणि चपला घालून माझ्यामागून गाडीपाशी आल्या. बाबा आधीच खुर्चीत येऊन बसले होते.