टिटवीच्या दारात आमची बोट

सिन्नरहून एसटी सुटली तेव्हा मेहुण्यांनी अख्ख्या गाडीला सांगून टाकलं, की आम्ही समुद्रसफरीला चाललोय. नाशिकला समुद्र नाही हे त्यांच्या उत्साहाला कुणी कळवलं नव्हतं. गंगापूर रोड मागे पडला, धरण दिसलं, आणि शपथेवर सांगतो, पलीकडचा काठ दिसेना. मेहुणे म्हणाले, आधी चष्मा पुसा.

बोट नवी, मशीनची. बोटवाले विलासभाऊ "गच्च धरा" म्हणाले आणि ती अशी सुटली, की माझी किंकाळी मागे राहिली, ती परतीच्या फेरीत सापडली. मागे उठणाऱ्या लाटा ताडाएवढ्या होत्या. मेहुणे गुडघाभर म्हणतात, पण त्यांनी डोळे मिटले होते.

काठावरच्या गाळपेरात (पाणी ओसरल्यावर उघड्या गाळावर घेतलेलं पीक) एक बाई पदर हलवत होती. केवढी प्रेमळ माणसं! आम्हीही रुमाल हलवले आणि खास तिच्यासाठी काठाजवळून आणखी एक फेरी मारली. तिसरीला निघालो, तर बाई साडी खोचून थेट पाण्यात उतरली. विलासभाऊंनी घाईघाईने मशीन बंद केलं.

"आवं दादा, रुमाल काय हालवता? थांबा म्हणून बोंबलतीय मी!"

या हिराबाई. त्यांनी आम्हाला काकडीच्या वेलांपाशी नेलं. खड्यांत खडे वाटावेत अशी टिटवीची चार अंडी तिथे होती. लाटेची ओली रेघ त्यांच्यापासून वीतभर. अजून एक फेरी, की गेली असती. टिटवी एवढी खाली बसली म्हणजे पाणी लवकर चढायचं नाही, या भरवशावर हिराबाईंनी खालच्या पट्टीत काकडी लावली होती.

"तिला पावसाचं कळतं. तुमच्या मशीनचं कुठून कळावं?"

अंडी उचलून वर ठेवू का, असं मेहुण्यांनी विचारलं. तुमचं घर उचलून वणीला ठेवलं तर सापडंल का, असं हिराबाईंनी विचारलं. तेवढ्यात टिटवी माझ्या टकलावर झेपावली. गरुडाएवढी होती! हिराबाई पोट धरून हसल्या आणि त्यांनी मीठ-तिखट लावलेली काकडी आमच्या हातावर ठेवली. तशी काकडी मी जन्मात खाल्ली नाही.

विलासभाऊ बोटीकडे वळले. त्यांनी बोटीतून दोन वल्ही काढली आणि आमच्या हातात दिली. आम्ही इतके हळू निघालो, की पन्नास हात गेलो नाही तोच टिटवी पुन्हा अंड्यांवर जाऊन बसली. मेहुण्यांनी आनंदाने वल्हं सोडलं, ते पोहून आणावं लागलं.

घरी आल्यावर तळहातांचे फोड गल्लीभर दाखवले. आठवड्याने विलासभाऊंचा फोन आला. आता मशीन मधल्या पाण्यातच, काठाकडे वल्ह्यानंच जातात. चारही पिल्लं निघाली आणि निघाल्या निघाल्या पळत सुटली.

गावात मी आठ सांगितली आहेत. माझं सगळंच निम्म्याने कमी करून ऐकावं. ती वीत मात्र वीतच होती.